वडाळा : इमारत जागेवर, कंपाउंड मात्र खचतंय. सल्ला हवा

सेक्रेटरी_नाइलाजाने : मंडळी, आमची सोसायटी वडाळ्याला, खाडीच्या बाजूला. इमारत पाईलवर (जमिनीत खोल घातलेल्या खांबांवर), वीसेक वर्षांची. जिन्याची खालची पायरी आता जमिनीला टेकत नाही, खालून हात आरपार जातो. इमारतीतून ड्रेनेजचा पाइप जिथे बाहेर पडतो तिथेच तो परत परत तुटतो. कंत्राटदार म्हणतो, फूटभर मुरूम टाकून लेव्हल करू, वर पीसीसी (साधं काँक्रीट). मागच्या कमिटीनेही हेच केलं होतं म्हणे. इतक्या वर्षांनी जमीन खचते कशी? बोलवायचं कोणाला? एजीएम तोंडावर आलीये.

गच्चीवरचा : पिसाचा मनोरा होतोय. तिकीट लावा, सिंकिंग फंड भरेल.

मातीकाम : पिसा उथळ पायावर आहे. ११७३ साली काम सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतच तो कलू लागला. यांची इमारत पाईलवरून खालच्या खडकावर उभी असणार, म्हणून ती जागची हलत नाही. बसतोय तो भोवतालचा भराव, खरं तर त्याच्याखालची खाडीची काळी चिकणमाती.

भराव पडला की आधी त्या मातीतलं पाणी पिळून निघतं. चिकणमाती पाणी सोडते कूर्मगतीने, त्यामुळे यातच वर्षं जातात. पण पाण्याचा दाब उतरल्यावरही माती थांबत नाही. वजन तेवढंच, तरी कण एकमेकांवरून सरकून आणखी दाटीने बसतात. यालाच क्रीप म्हणतात. ढोबळ हिशेब असा, की पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत जेवढी बसेल, जवळजवळ तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. म्हणजे वेग कमी होत जातो, पूर्ण थांबत नाही.

आता कंत्राटदाराचा मुरूम. फूटभर थर म्हणजे दर चौरस मीटरला अर्धा टन नवं वजन. तेवढ्याने पाणी पिळण्याचा खेळ पहिल्यापासून सुरू. शिवाय बसणारी माती पाईलला धरून खाली ओढते, तो भार पाईलवर येतो तो वेगळाच. मागच्या कमिटीने टाकलेला थरच आज तुम्हाला त्रास देत असेल. मी तर हे कोटेशन एजीएमपुढे ठेवणारच नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने : बापरे. मग न्हावाशेवाला बंदराच्या कामात जमिनीत उभे ड्रेन टाकतात, तसं काही?

मातीकाम : ते बांधकामाआधी. पाण्याची बाहेर पडायची वाट निम्मी केली की वेळ चौथाईवर येतो, म्हणून ड्रेन टाकून वर जादा भराव रचतात आणि नंतर तो काढून घेतात. तुमच्याकडे क्रीपच उरला असेल तर ड्रेनचा काही उपयोग नाही, क्रीप पाण्याच्या वाटेवर अडलेला नसतो.

ठाणे_खाडी : आमच्याकडेही हेच होतं. पीसीसी केलंच नाही, पेव्हरच ठेवले. ते उचलून परत बसवता येतात, पीसीसी फुटतं. ड्रेनेजला इमारतीबाहेर लवचीक जोड दिला आणि उतार मुद्दाम जास्त ठेवला. पायरी प्लिंथपासून (जोत्यापासून) सुटी करून घेतली. गॅसची लाइन मात्र आधी तपासून घ्या, गॅस कंपनीलाच बोलवा, प्लंबरला नको.

भांडुप_टेकडी : आमची टेकडीकडची रिटेनिंग वॉल पुढे झुकतेय. हाच प्रकार का?

मातीकाम : उतारावर क्रीप असतोच, पण भिंतीमागे पाणी तुंबलं असेल तर इतकं थांबू नका. भिंतीतली पाणी जायची भोकं बुजलीत का ते आजच बघा आणि इंजिनिअर बोलवा. वेगळा धागा काढा.

सेक्रेटरी, बिल्डरकडून मूळ सॉइल रिपोर्ट मागवा. चिकणमातीचा थर किती जाड ते बोअर लॉगमध्ये, म्हणजे जमिनीत भोक पाडून केलेल्या थरांच्या नोंदीत, दिसेल. मग जिओटेक्निकल (माती आणि पायाचा) सल्लागार गाठा, वॉटरप्रूफिंगवाला नव्हे. माटुंग्याला व्हीजेटीआयच्या सिव्हिल विभागात विचारून बघा. तोवर एखाद्या कॉलमवर रंगाची खूण करून तिच्यापासून कंपाउंडच्या लेव्हल घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतर. कॉलम-बीमला तिरके तडे दिसले तर स्ट्रक्चरल ऑडिट लगेच. ३० वर्षं भरायची वाट बघू नका.

सेक्रेटरी_नाइलाजाने : तडे नाहीत, आत्ताच खाली जाऊन पाहिलं. मुरूमवाल्याला नाही कळवतो. लवचीक जोडाचं कोटेशन कोणाकडे असेल तर व्यनि करा.