खेळाडूंची टोपणनावे: आपापल्या आठवणी लिहाव्यात

तापीकाठ
काल सामना पाहताना समालोचक सूर्यकुमार यादवला सारखे ‘स्काय’ म्हणत होते. आद्याक्षरे जोडून झालेले ते नाव ऐकताना वडिलांचा रेडिओ आठवला. कपिल देव ‘हरियाणा हरिकेन’ होता, पी. टी. उषा ‘पय्योळी एक्सप्रेस’ होती. पय्योळी केरळात आहे, हे आम्ही चाळीसगावात बसून त्या नावामुळेच शिकलो. रेडिओवर डोळ्यांना काही दिसत नसल्याने खेळाडू कसा धावतो, हे नावातूनच कळायचे. आता सगळे पडद्यावर दिसते आणि नावे सुचेनाशी झाली, असे मला मनापासून वाटते.

अमळनेरची ताई
दादा, मिल्खासिंग राहिले. १९६० साली लाहोरला त्यांनी अब्दुल खालिकला हरवले आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी त्यांना ‘फ्लाइंग सिख’ म्हटले, ही गोष्ट आमचे आजोबा कापूस वेचणीच्या वेळी शेतात सर्वांना सांगत. पाहुण्याने हरवले तरी त्याला इतके सुंदर नाव द्यायचे, याचे त्यांना फार अप्रूप होते.

यावलकर
आमच्या यात्रेतल्या कुस्त्यांत पुकारा करणारे आप्पा जागच्या जागी नावे ठेवत. कुणाच्याही पकडीत न सापडणाऱ्या एका बारीक पैलवानाला त्यांनी ‘तापीची वाम’ (वाम म्हणजे सापासारखा लांब, निसरडा मासा) म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. आता आधी बक्षीस देणाऱ्यांची नावे वाचली जातात आणि तेवढ्यात कुस्ती निकाली होते. आपल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे गदा आणली, त्यांनाही आपण ‘ट्रिपल महाराष्ट्र केसरी’ म्हणतो. बहुमान मोठाच आहे, पण त्यांची कुस्ती कशी होती, हे त्यातून कळत नाही.

जामनेरचा भाचा
मामा, चेन्नईकरांनी धोनीला ‘थाला’ केलेच ना? ते प्रेक्षकांनीच दिलेले नाव आहे.

तापीकाठ
मान्य आहे, भाचे. पण थाला म्हणजे नेता, आणि नेता कुणालाही म्हणता येते. द्रविडचे ‘जॅमी’ पाहा: वडील जॅम बनवणाऱ्या कंपनीत होते म्हणून पडलेले ते नाव दुसऱ्या कुणाला लागूच होणार नाही.

अमळनेरची ताई
यावलकरभाऊ, ते वाम पैलवान माझ्या मावशीच्या गावचे. त्यांच्या नातवंडांनाही गावात ‘वामचे’ म्हणूनच ओळखतात.