मदत हवी आहे: लोणच्याला बुरशी आली, खडे मीठ चुकलं की मी?

कोथरूडकरीण:

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस मंडईतून दोन किलो राजापुरी कैऱ्या आणल्या, तिथेच अडकित्त्यावर फोडून घेतल्या. कृती साबांची (सासूबाईंची): आठ वाट्या फोडींना एक वाटी मीठ. गेली अकरा वर्षं ह्याच मापाने लोणचं घालतेय आणि ते पुढच्या कैरीपर्यंत टिकतं. यंदा आषाढात बरणीचा दादरा सोडला तर वर साय धरल्यासारखा पांढरा पापुद्रा, कडेला दोन हिरवट टिपके. खार नेहमीपेक्षा बोटभर कमी, वरच्या फोडी कोरड्या उघड्या पडलेल्या.

बदल एकच केला होता, मीठ. ‘आयोडीनच्या मिठाने लोणचं नासतं’ असा फॉरवर्ड आला म्हणून रविवार पेठेतून खडे मीठ आणलं आणि न कुटता तसंच घातलं. झालं उलटंच! वाटी तीच, हात तोच, बरणी उन्हात वाळवलेली.

१. हे लोणचं वाचेल का?
२. पुढच्या वेळी मीठ कोणतं घेऊ?
३. साबांना बीपी आहे. भिशीत कोणीतरी सांगितलं की शेंदेलोण खा, ते नैसर्गिक असतं. खरंच चालतं का?

साबा अजून काही बोलल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. जाणकारांनी लवकर सांगा.

दुपारचा चहा:

मीठ-मोहऱ्या ओवाळून बरणीची दृष्ट काढा. (ह.घ्या., म्हणजे हलके घ्या.) आमच्याकडेही दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, वाचतेय.

प्रयोगवही:

ताई, मी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे सवयीने उलटतपासणी करतो. वाटी तीच होती हे मान्य, पण वजन तेच होतं का? बारीक मीठ वाटीत दाबून बसतं, खड्यांमध्ये फटी राहतात. घरात वजनकाटा असेल तर दोन्ही मिठांची एकेक सपाट वाटी तोलून इथे आकडे द्या. मग बोलू.

कोथरूडकरीण:

केकचा काटा आहे. आत्ता तोललं: बारीक १८६ ग्रॅम, खडे १४२ ग्रॅम. अरे देवा.

प्रयोगवही:

सापडला चोर. तुम्ही वाटी म्हणून पाऊण वाटीच मीठ घातलंत. पावसाळी हवेत खडे मीठ दमट असतं, म्हणजे त्या १४२ मध्येही थोडं पाणीच.

दुसरी गोष्ट विरघळण्याची. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जवळपास ३६ ग्रॅम मीठ मुरतं, उकळत्या पाण्यातही फक्त ३९. साखरेसारखं ‘गरम केलं की भरपूर विरघळतं’ हे मिठाचं नाही. त्यात मोठे खडे तळाशी जाऊन बसतात आणि हळूहळू विरघळतात. तेवढ्या दिवसांत तळाच्या फोडी खारट होतात, वरच्या अळणी राहतात. रोज बरणी हलवली होतीत का?

मीठ बुरशीला विष म्हणून मारत नाही. फोडीतलं पाणी बाहेर ओढतं (तोच आपला खार) आणि उरलेलं पाणी इतकं बांधून ठेवतं की बुरशीला ते पिता येत नाही. फोड खाराबाहेर आली, वर तेलाचा थरही नसला, की तिथे ही राखण संपली.

आयोडीनचा इथे काही संबंध नाही. कारखान्यात ते दशलक्ष भागांत ३० भाग घालतात, म्हणजे किलोला ३० मिलिग्रॅम. तेवढ्याने लोणचं नासत नाही. फार तर बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जी पूड मिसळतात तिने पाण्यातल्या लोणच्याचं पाणी गढूळ दिसतं. मोहरी-हळदीच्या खारात ते कोणाला दिसणार?

दुपारचा चहा:

हलवायचं असतं?? आम्ही बरणी थेट माळ्यावर ठेवत होतो. उत्तर मिळालं.

आगरकाठचा:

आमचं मूळ गाव पेणकडचं, घरची मिठागरं होती. आम्हा आगरी लोकांचं नावच आगरावरून. आता धायरीत राहतो, पण मिठावर कोणी बोललं की गप्प बसवत नाही.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घेत आटवत न्यायचं. आधी जिप्सम बसतं, पाणी दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरायला लागतं. शेवटी जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम जास्त, ते वेळेत काढून टाकावं लागतं. मग मिठाची रास घालून निथळू द्यायची. निथळायची घाई केली की मॅग्नेशियम मिठातच राहतं. ते हवेतलं पाणी फार लवकर ओढतं, मीठ पाझरतं आणि जिभेवर किंचित कडवट लागतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाझरायला लागतं. आपल्याकडे जुलैत तेवढी रोजचीच, म्हणून चांगलं मीठही ओलावतं.

खडे मीठ मुठीत घट्ट दाबून बघा. हाताला ओल लागली तर कढईत मंद आचेवर परतून घ्या, गार झाल्यावर कुटा आणि मगच तोला.

अवांतर: मिठाचा सत्याग्रह म्हटलं की सगळे दांडीवर थांबतात. १९३० च्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवरही सत्याग्रह झाला होता.

आणि एक विनंती. सोसायटीच्या पंपाखोलीत वॉटर सॉफ्टनरसाठी मिठाची मोठी गोणी असते, ती कोणी लोणच्याला वापरू नका. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम धरून बसलेली रेझिन (सॉफ्टनरमधले बारीक मणी) धुवायला ते असतं, खायच्या प्रतीचं नसतं. हसू नका, आमच्या बिल्डिंगमध्ये एका काकूंनी वॉचमनकडे डबाभर मागितलं होतं.

औषधाची_पुडी:

मी औषधांच्या दुकानात बसते, तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहिते. शेंदेलोण हे खाणीतलं मीठ, पण तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला म्हणून बीपीला वेगळं कळत नाही. उलट त्यात आयोडीन नसतं. गलगंडावर राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो काही उगाच नाही. उपवासाला खुशाल खा, रोजच्या आमटीत आयोडीनचंच बरं, आणि तेही झाकणाच्या डब्यात.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चमचाही नाही. ह्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड सगळं आलं. ‘लो सोडियम’ मीठ मिळतं त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय आणू नका.

लोणचं टाका. वरची बुरशी काढली तरी तिचे धागे खाली गेलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

कोथरूडकरीण:

सर्वांचे मनापासून आभार. बरणी रिकामी केली, जीव तुटला. रोज हलवायचं राहिलंच होतं हो प्रयोगवही काका, दुसऱ्याच दिवशी आम्ही नाशिकला गेलो होतो. म्हणजे मीठ कमी आणि हलवणं नाही, दोन्ही माझ्याच खात्यावर.

उरलेल्या खड्यांची मूठ दाबून बघितली, तळहात चक्क ओला झाला. ते आता तांब्याची भांडी लिंबू-मिठाने घासायला आणि पॉटच्या आइस्क्रीमला ठेवलंय. साबांना दोन्ही आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, “माझी वाटी बारीक मिठाची होती, हे तू विचारलंस कुठे?” आणि स्वतःच्या ताटात वाढलेलं मीठ चिमटीने निम्मं परत ठेवलं.

आता लिंबाचं घालायचंय. एक किलो लिंबांना मीठ किती ते ग्रॅममध्येच सांगा, वाटीत सांगितलं तर वाचणार नाही.