मदत हवी आहे : लिंबच्या बारामोटेच्या विहिरीचे एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून केलेला एक फोटो)

साताऱ्याजवळच्या लिंबच्या विहिरीत कमानीखालून फोटो घेताना आतला दगड आणि वरचं आभाळ एका फ्रेममध्ये बसत नाही. एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला आभाळाला १/१००० सेकंद लागतो, कमानीखालच्या काळोख्या दगडाला १/४. म्हणजे तब्बल ८ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा)! कॅमेऱ्याचं ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप घेणं) तीनच फोटोंचं, अधिक-उणे २ स्टॉप. मधला १/६० धरला तरी आभाळ पांढरंफटक येतं.

म्हणून मॅन्युअल मोडवर पाच रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो घेतले: १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, फोकस मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाचांचा मर्ज छान होतो, पण दोन गोष्टी अडतात.

काठावरच्या झाडाची पानं हलल्याने दुहेरी दिसतात. डीघोस्ट (हललेल्या वस्तूंच्या दुहेरी प्रतिमा, म्हणजे ‘भुतं’, काढण्याची सोय) ‘हाय’ ठेवलं की भुतं जातात, पण त्या जागी सावलीत दाणे उमटतात. ‘लो’ ठेवून पानांपुरता एकच फोटो फोटोशॉपमध्ये मास्क करावा (तेवढ्याच भागावर बसवावा) का?

दुसरं, शॅडोज (गडद भाग उजळणारा स्लायडर) +८० च्या पुढे नेले की कमानीच्या कडेला उजळ वलय येतं, आणि दगडाचा काळेपणाच हरवतो. तो काळेपणा टिकायलाच हवा. सकाळी किती वाजता गेल्यास आभाळ आणि दगडातला हा उजेडाचा फरक कमी मिळेल?