ऑडिओ गोष्ट लावली की पोरं दोन मिनिटांत ढेपाळतात, काय करू?

सड्यावरची बाई:
देवगड तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, तिसरी-चौथी एकत्र, पोरं सतरा. ब्लूटूथ स्पीकर स्वतःच्या पैशाने घेतला, बारा मिनिटांची गोष्ट डाउनलोड करून लावली, म्हटलं गुंग होतील. कसलं काय, दोन मिनिटांनी एक खिडकीतून माकडं बघतोय, दोघी पेन्सिलीला टोक काढत बसल्यात. शेवटी विचारलं काय ऐकलंत, तर सगळे एका सुरात "कुत्रो भुकलो". गोष्ट कोंबडीची होती हो! एक मुलगा तर सारखा शेजारच्याला "काय म्हणता? काय म्हणता?" करून भंडावतो. व्हिडिओ लावला की हीच पोरं हलत नाहीत. या वयात ऑडिओ चालतच नाही का?

खडूवाला:
चालतो, पण बारा मिनिटं सलग मी पण नाही ऐकणार, रिटायर माणूस असून. १९७४ ला निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवायचा प्रकल्प सुरू झाला होता, त्यात रेडिओवरचा माणूस प्रश्न विचारून मुद्दाम गप्प बसायचा, तेवढ्या वेळात वर्गातली पोरं ओरडून उत्तर द्यायची, मग पुढचं. सगळी मेख त्या गप्प बसण्यात आहे. आणि त्यासाठी निकाराग्वापर्यंत कशाला जायचं म्हणा, आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो, थांबतो, की सगळे "व्हय म्हाराजा". तिथे कोणाचं लक्ष उडतं का? दोन-दोन मिनिटांवर पॉज करा आणि विचारा आता कोंबडी काय करील. आणि प्रश्न आधी सांगा, नंतर नाही. "कोंबडी कोणाकोणाकडे गेली ते बोटांवर मोजा" एवढं आधी सांगितलंत तरी कान तिकडे लागतात, नाहीतर कुत्राच लक्षात राहणार, तो सगळ्यात मोठ्याने बोलला ना.

माडाखालचा:
खडूवाले गुरुजींना +१. माझं म्हणणं वेगळं, ती पुस्तकी फाइलच बाजूला ठेवा. एखाद्याच्या आजीकडून मालवणीत गोष्ट सांगून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. आमच्याकडे दशावतारात लिहिलेली संहिताच नसते, समोरचा काय बोलला ते नीट ऐकलं तरच उत्तर सुचतं, नाहीतर रंगमंचावर शोभा. पोरांनाही तेच करायला लावा, आजीची गोष्ट अर्ध्यात तोडायची नि पुढचं संभाषण दोघांनी उभं राहून करायचं.

खडूवाला:
आजी चालेल, पण फक्त आजीच नको. पाचवीत गेल्यावर प्रमाण मराठी कानाला परकी वाटली तर नुकसान पोरांचंच. आधी आजी, मग तीच गोष्ट प्रमाण मराठीत तुमच्या आवाजात. "माका" चं "मला" कुठे झालं ते पोरं स्वतःच पकडतात, माझी तर टाळ्या वाजवून पकडायची.

चार्जर हरवलेला:
स्पीकर कुठे ठेवता? टेबलावर फळ्याजवळ असेल तर मागच्यांना नुसता घुमारा पोचतो. पोरं गोल बसवा, स्पीकर मध्ये, खाली सतरंजी, आणि बेस कमी करा, बोलणं मोकळं होतं. आवाज वाढवत नेऊ नका, रिकाम्या भिंती असलेल्या खोलीत जितका मोठा तितका घोळ. अंदाज म्हणून, बोलणं आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबल तरी वर असावं असं धरतात.

कुडाळची ताई:
त्या "काय म्हणता" वाल्याकडे कोणीच बघेना? तो मस्ती करतोय असं आधीच धरू नका. कान वाहतो का, सर्दी सारखी असते का, आईला विचारा. पावसात कानाचे त्रास वाढतात आणि पोरं सांगत नाहीत, नुसती तोंडाकडे बघून ओळखतात. व्हिडिओला हलत नाही म्हणता ते त्याचं तरी त्यामुळेच असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत येते तेव्हा मुद्दाम नाव सांगा, ऐकू कमी येणं त्यांच्या तपासणीत आहे.

सड्यावरची बाई:
ताई, विचारलं. उजवा कान गणपतीपासून वाहतोय म्हणे, घरी तेल घालतात!! तेल बंद करायला सांगितलंय, सोमवारी आई आरोग्य केंद्रात नेतेय, तोवर डावा कान माझ्याकडे येईल असा पुढे बसवलाय. पॉजवालं पण करून बघितलं, कोंबडी चौघांकडे गेली हे बारा जणांना आलं. आजीचं रेकॉर्डिंग मात्र राहिलंय, ती मोबाइल बघितला की गोष्टच विसरते. आणि चार्जरदादा, पत्र्याचं काय करायचं ते सांगा, आत्ता परत धो धो सुरू झालाय, मलाच माझा आवाज येत नाहीय.

चार्जर हरवलेला:
पत्र्यावर पाऊस असेल तर ऑडिओ बंद. डोळे मिटायला सांगा आणि पावसाशिवाय काय काय ऐकू येतं ते लिहू द्या.