पिक्टूचा वारसा किल्टपुरता नाही

काही जण म्हणतात की कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या पिक्टूसारख्या गावांत स्कॉटिश वारसा म्हणजे किल्ट (पुरुषांचा चौकड्यांचा घागरा) आणि बॅगपाइप, पर्यटकांपुरता. मला हे अजिबात पटत नाही.

१७७३ मध्ये 'हेक्टर' जहाज स्कॉटलंडमधल्या लॉक ब्रूमहून निघालं, त्यात सुमारे १८९ हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक होते. देवी आणि हगवणीने वाटेतच १८ जण गेले, बहुतेक लहान मुलं. १५ सप्टेंबरला जहाज पिक्टूला लागलं तेव्हा समोर घनदाट जंगल, आणि हिवाळा तोंडावर. एका पायपरकडे, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्याकडे, भाड्याचे पैसे नव्हते. प्रवाशांनी आपल्या वाट्याच्या शिध्यातून त्याला खाऊ घालायचं कबूल करून सोबत नेलं, अशी आठवण तिथे सांगतात. आणि हेही लक्षात घ्या, १७४६ च्या कायद्याने मायदेशी हायलँड पोशाखावर बंदी होती. ती उठली थेट १७८२ मध्ये. म्हणून तो किल्ट मला नुसता देखावा वाटत नाही.

२००० मध्ये गावाने 'हेक्टर'ची लाकडी प्रतिकृती बांधून पाण्यात उतरवली. फक्त ही सगळी भूमी आधीपासून इथल्या मूळनिवासी मिकमॅक लोकांची होती, हे त्या धक्क्यावर तितक्याच ठळकपणे सांगितलं जायला हवं.