पोतोसीची चर्चं निव्वळ नक्कल नाहीत

बोलिव्हियातल्या पोतोसीची चर्चं म्हणजे स्पेनची नक्कल, हे मत मला पटलं नाही. सान लोरेन्सो चर्चचं दगडी प्रवेशद्वार (१७२८-४४) जवळून बघा. सूर्य, चंद्र, तारे, आणि चक्क तंतुवाद्य वाजवणाऱ्या मत्स्यकन्या! हा हात स्थानिक कारागिरांचा आहे.

पण कौतुक करताना घसा दाटतो, कारण या वैभवामागे चांदीच्या खाणींतली वेठबिगारी आहे. १५४५ मध्ये इथल्या डोंगरात चांदी सापडली आणि १५७० च्या दशकात स्पेनचा व्हाइसरॉय तोलेदो याने 'मिता' ही वेठबिगारी लादली. दरवर्षी सुमारे १३ हजार माणसं पाळीपाळीने बोलावली जायची. कित्येक जण बायकापोरांसकट, लामा या ओझ्याच्या जनावरांवर सामान लादून, आठवडेच्या आठवडे चालत यायचे. ४,००० मीटरवरच्या गारठ्यातून थेट डोंगराच्या पोटात.

अमेरिकेतली हीच चांदी युरोपमार्गे सुरतेच्या टांकसाळीत येऊन मुघल रुपये बनली.