चिंतेसाठी घरी ईईजी पट्टा वापरताय का? त्याच्या गुणांवर किती विसंबायचं?

सायली_र

मला बरीच वर्षं अँग्झायटी आहे. औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू आहे आणि दोन्हीचा उपयोग होतो. मध्यंतरी भावाने म्यूज या ब्रँडचा ईईजी पट्टा, म्हणजे डोक्यावरून मेंदूची वीज टिपणारा पट्टा, भेट दिला, घरी वापरायचा ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस (मेंदू आणि संगणक जोडणारं यंत्र) म्हणून. तो कपाळाला लावून डोळे मिटून बसायचं. कानात पाऊस वाजत असतो. मन भरकटलं की पाऊस वाढतो, शांत झालं की ओसरतो आणि मध्येच पक्षी बोलतात. शेवटी मोबाइलवर गुण येतात.

अडचण अशी की ज्या दिवशी आतून खरंच बरं वाटत असतं, त्या दिवशी गुण कमी येतात आणि छातीत धडधडत असताना बसले तर कधीकधी चांगले येतात. हल्ली तर पाऊस वाढला की त्याचीच धास्ती वाटते, आपलं डोकं कधी शांत होणारच नाही असं वाटायला लागतं. हे यंत्र नेमकं काय मोजतं? वापरत राहू का?

निनाद

मी वापरतो आणि मला फायदा झालाय. ठरलेल्या वेळी बसायची सवय त्यामुळेच लागली. डोक्याला पट्टा दिसला की घरात कुणी हाक मारत नाही, हेही माझ्यासाठी मोठं आहे. गुण मात्र बघत नाही.

मेधा_ईईजी

सायली, मी ईईजी तंत्रज्ञ आहे, लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावणं हेच माझं रोजचं काम. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हा पट्टा चिंता मोजत नाही. कवटीच्या बाहेर पोचणारी अगदी क्षीण वीज तो टिपतो, साधारण 10 ते 100 मायक्रोव्होल्ट. त्यावरून गुण काढतं ते ॲप.

आम्ही पेस्ट लावून डोकंभर वीसेक इलेक्ट्रोड बसवतो. तुझ्या पट्ट्यात मुख्य चार आहेत आणि तेही कोरडे, दोन कपाळावर आणि दोन कानांमागे. नेमके तिथेच कपाळाचे आणि जबड्याचे स्नायू असतात. स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते आणि 13 ते 30 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितकी आवर्तनं) बीटा लहरींत, ज्या मेंदू कामात गुंतल्याची खूण मानतात, बेमालूम मिसळते. रुग्णाने दात आवळले की माझ्या पडद्यावरच्या बारीक रेघा एकदम जाड, काळ्या होतात, खालचं मेंदूचं काही म्हणजे काही दिसत नाही. "जबडा सैल सोडा, ओठ थोडे विलग ठेवा" म्हटलं की दोन-चार सेकंदांत रेघा निवळतात. तूही करून बघ. आधी मुद्दाम दात आवळ, मग सोड, आणि पावसाकडे लक्ष दे.

उलट बाजूही आहे. डोळे मिटले की 8 ते 12 हर्ट्झच्या अल्फा लहरी, ज्या सहसा शांतपणाची खूण मानतात, वाढतात, हे जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने 1929 सालीच छापलं होतं. डोळे मिटून काळजी करत बसलेल्या माणसालाही अल्फा असतोच, आणि डुलकी लागायला लागली, म्हणजे माणूस अगदी सैलावला, की तो विरतो. तेव्हा धडधडत असताना चांगले गुण येण्यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. 1978 मध्ये हार्ट आणि कामिया या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की ज्यांना मुळात चिंता जास्त होती, त्यांची चिंता अल्फा वाढवायला शिकल्यावर कमी झाली. पुढे 1981 मध्ये प्लॉटकिन आणि राइस यांनी काही जणांना अल्फा वाढवायला शिकवलं आणि काहींना चक्क कमी करायला. चिंता दोन्हीकडे घटली! आपल्याला हे जमतंय असं ज्याला जितकं वाटलं, तितका त्याला आराम पडला. निद्रानाशावर 2017 साली छापून आलेल्या एका अभ्यासातही खरा न्यूरोफीडबॅक (आपल्याच मेंदूच्या लहरींचे संकेत देऊन त्या बदलायला शिकवणं) नावापुरत्या केलेल्या खोट्यापेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे बरं वाटतं हे खरं, पण त्यातला मोठा वाटा "जमतंय" या भावनेचा असावा असं माझं मत आहे. तुझा पाऊस तुला रोज "जमत नाहीये" असंच सांगतोय. मी तुझ्या जागी असते तर तो आवाज आणि ते गुण दोन्ही बाजूला ठेवले असते. ठरलेल्या वेळी बसणं, जबडा सैल सोडणं आणि मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास, एवढं ठेवलं असतं.

फरक पडतोय का हे बघायला चिंता मोजायची जीएडी-7 ही प्रश्नावली बरी. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, 0 ते 21 गुण. समुपदेशकांबरोबर अधूनमधून भर. औषधाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. आणि डोक्यात वीज सोडणारी यंत्रं ही अगदी वेगळी गोष्ट, ती मनाने घरी वापरून बघायची नाहीत.

ओंकार_प

एक भर. नोंदी कुठे जातात तेही बघा. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये असेच ईईजी पट्टे बनवणाऱ्या इमोटिव्ह कंपनीला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला होता. ॲपमध्ये डेटा संशोधनासाठी द्यायची परवानगी असेल तर ती आधी तपासा.

सायली_र

मेधाताई, दात आवळून बघितलं. पाऊस धो धो! सोडल्यावर हळूहळू उतरला. किती हलकं वाटलं काय सांगू. म्हणजे इतके दिवस मी माझ्या जबड्यावर चिडत होते. एकच विचारते, अचानक घाबरल्यासारखं होतं तेव्हा पट्टा लावून बसू का? परवा रात्री तो सापडेना, तर जास्तच घाबरले.

मेधा_ईईजी

तेव्हा नको. तो सापडेना म्हणून भीती वाढली, याचा अर्थ त्याचा आधार आता अंगवळणी पडू लागलाय. ही परवाची गोष्ट पुढच्या भेटीत समुपदेशकांना जशीच्या तशी सांग. अशा आधाराच्या सवयी हळूहळू कशा सोडायच्या हे त्यांना नीट माहीत असतं, ते माझ्या आवाक्यातलं नाही. तोवर पट्टा फक्त ठरलेल्या वेळेपुरता, तोही आवाज बंद करून.